‘जवानांनी पोती रचली’ या एका ओळीविषयी

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार.

पानशेतच्या पुराच्या स्मृतिदिनानिमित्त आपल्या दैनिकाने यंदा प्रसिद्ध केलेला लेख मी दोनदा वाचला. पुण्याच्या लकडी पुलावरून वाहणारे पाणी, पेठांमधले वाडे, नंतर उभ्या राहिलेल्या पूरग्रस्तांच्या वसाहती, गोखलेनगरातले अर्धगोल छपराचे निस्सेन हट हे सारे त्यात नीट आले आहे. माझे म्हणणे त्यातल्या एकाच ओळीविषयी आहे. ११ जुलै १९६१ च्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून पानशेतचे धरण वाचवण्याचा प्रयत्न केला, पण तो अपुरा पडला, अशा आशयाची ती ओळ आहे. दरवर्षी जुलै महिन्यात कुठल्या ना कुठल्या वर्तमानपत्रात ही ओळ याच शब्दांत छापून येते आणि आमच्या घरात दरवर्षी तिच्यावरून एक छोटा वाद होत असे. यंदा तो झाला नाही, कारण वाद घालणारे माझे सासरे, म्हणजे आमचे तात्या, गेल्या महिन्यात वयाच्या ८५ व्या वर्षी गेले. त्या रात्री पोती रचणाऱ्यांपैकी ते एक होते.

तात्या खटाव तालुक्यातल्या एका गावचे. घरची जमीन कोरडवाहू आणि भावंडे पाच, त्यामुळे सातवी पास झालेल्या थोरल्या मुलाने पुढे काय करायचे हा प्रश्न त्या भागात फारसा कोणाला पडत नसे. १९५८ साली गावातल्या दोघांबरोबर ते भरतीसाठी खडकीला आले आणि बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये, दाखल झाले. पायदळात साध्या जवानाला शिपाई म्हणतात, तसे या दलात सॅपर म्हणतात. शत्रूच्या किल्ल्याच्या दिशेने जमीन खणत चर पुढे नेणारा तो सॅपर, हा त्या शब्दाचा जुना अर्थ तात्यांना कोणीतरी प्रशिक्षणात सांगितला होता आणि तो ते आवडीने सांगत. पूल बांधणे, रस्ते करणे, सुरुंग पेरणे, पेरलेले सुरुंग काढणे ही या लोकांची कामे. खडकीत भरती झालेल्या प्रत्येक पोराला रामा राघोबा राणे यांची हकीकत पहिल्याच महिन्यात ऐकायला मिळे. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा ते राजौरी या रस्त्यावर शत्रूच्या माऱ्याखाली, मांडीला जखम झालेली असताना, सुरुंग आणि अडथळे काढत रणगाड्यांना वाट करून देणारा कारवारकडचा हा सॅपर परमवीरचक्राचा मानकरी ठरला आणि पुढे मेजर म्हणून निवृत्त होऊन १९९४ मध्ये पुण्यात वारला. परमवीरचक्र मिळालेल्या २१ जणांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर मिळाले. राणे हयातीत मिळालेल्या सात जणांपैकी. ‘राणेसाहेब जगले, म्हणून लोक त्यांना विसरले,’ असे तात्या म्हणत. त्यात थोडी अतिशयोक्ती होती, पण अगदीच खोटे नव्हते.

आता त्या रात्रीविषयी. तात्यांनी ही गोष्ट सलग अशी कधीच सांगितली नाही. २०११ मध्ये पुराला पन्नास वर्षे झाली, तेव्हा माझ्या मोठ्या मुलाला शाळेत त्यावर काही लिहून न्यायचे होते आणि त्याने आजोबांना विचारले, तेव्हा पहिल्यांदा तुकड्यातुकड्यांनी ती बाहेर आली. आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण त्या वेळी पुरते झालेले नव्हते. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे असतानाच पावसाने पाणी चढले आणि त्या मोरीवरचा भराव खचू लागला. तात्यांना यातले त्या वेळी काहीच ठाऊक नव्हते. एकवीस वर्षांच्या सॅपरला कोणी धरणाचा नकाशा दाखवत नाही. गाड्यांत बसा म्हणाले, बसलो. उतरा म्हणाले, उतरलो. समोर पोती आणि फावडी होती, असे त्यांचे वर्णन. पाऊस इतका होता की शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागे. गाड्यांच्या दिव्यांच्या उजेडात एकाने पोत्याचे तोंड धरायचे, दुसऱ्याने भरायचे, तिसऱ्याने पाठीवर घेऊन चिखलातून वर जायचे आणि खचलेल्या जागी रचायचे. रचलेला थर थोड्या वेळाने पुन्हा खाली बसलेला दिसे, मग त्यावर दुसरा. ‘पायाखालचा भराव बैलगाडीच्या साटीसारखा हालायचा,’ हे वाक्य मात्र त्यांनी प्रत्येक वेळी जसेच्या तसे सांगितले.

माझ्या मुलाने तेव्हा त्यांना अगदी सरळ विचारले, की मग एवढे करूनही धरण फुटलेच ना. त्यावर तात्या रागावले नाहीत. ते म्हणाले, ‘धरण राहणार न्हाई, हे आमच्या सायबाला बी दिसत हुतं. रात काढायची हुती.’ आपल्या लेखातल्या ‘अपुरा’ या शब्दाला माझी हरकत आहे ती या वाक्यामुळे. १२ जुलैला सकाळी सातच्या सुमारास पानशेत फुटले, त्या लोंढ्याने पुढे १८७९ सालचे खडकवासल्याचे दगडी धरणही त्याच दिवशी फोडले आणि शहरात पाणी भरले ते दिवसाउजेडी भरले. माणसांना पाणी दिसत होते. पर्वतीकडे किंवा उंच जागी जाता येत होते, गच्चीवर चढता येत होते, पोराबाळांना हाक मारता येत होती. तेच पाणी रात्री दोन वाजता नदीकाठच्या पेठांमध्ये झोपलेल्या माणसांवर आले असते, तर काय झाले असते याचा अंदाज करायला अभियंता असावे लागत नाही. शहराला वेळेवर आणि नीट इशारा मिळाला की नाही, यावर पुढे चौकशी आयोग नेमले गेले आणि त्या वादात मला पडायचे नाही. पोत्यांमुळे नेमके किती तास मिळाले, हे जाणकारांनी ठरवावे. पण ज्या कामाचा हेतूच वेळ मिळवणे हा होता, ते काम धरण फुटले म्हणून अपुरे पडले असे लिहिणे बरोबर नाही, एवढे तात्यांच्या वतीने मला नोंदवायचे आहे.

नोकरीतली पुढची वर्षे मी थोडक्यात आटोपते. १९६५ आणि १९७१ ही दोन्ही युद्धे त्यांनी पाहिली. १९७१ मध्ये ते पश्चिम आघाडीवर, शकरगडच्या पट्ट्यात होते. छातीवर लावायला समर सेवा स्टार, पश्चिमी स्टार आणि सेवेची नेहमीची पदके होती. शौर्यपदक एकही नव्हते आणि त्याची त्यांना खंत होती असे कधी जाणवले नाही. नायब सुभेदार होऊन १९८२ मध्ये ते निवृत्त झाले. युद्धापेक्षा युद्धानंतरच्या महिन्यांविषयी ते जास्त बोलत. सुरुंग पेरायला एक रात्र पुरते आणि काढायला हिवाळा जातो, असे ते सांगत. शेतकऱ्याला जमीन परत करायची असते, म्हणून एकही राहून चालत नाही. लाकडी पेटीतला सुरुंग यंत्राला सापडत नाही, त्यामुळे गुडघ्यांवर बसून टोकदार सळी तिरकी धरून माती इंच इंच टोचत जावे लागते. सळी उभी धरली तर नेमकी सुरुंगाच्या माथ्यावर बसते. तपासलेल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी फीत लावत पुढे सरकायचे आणि मागे वळताना फितीबाहेर पाऊल टाकायचे नाही.

हे सारे मला पाठ आहे, कारण ते मी एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. दिवाळीला गावी गेलो असताना माझ्या धाकट्या मुलीच्या कानातले सोन्याचे डूल परसात पडले. आदल्याच दिवशी वाफे खणलेले, माती भुसभुशीत, आणि आम्ही पाच-सहा माणसे ती तुडवत इकडेतिकडे शोधत होतो. तात्या आले आणि त्यांनी पहिल्यांदा आम्हा सर्वांना बाहेर काढले. मग आईंकडून, म्हणजे माझ्या सासूबाईंकडून, विणायची सुई मागून घेतली, सुताचा गुंडा घेतला, परसाचे हातभर रुंदीचे पट्टे पाडले आणि एका टोकाला गुडघे टेकून सुई तिरकी धरून टोचायला सुरुवात केली. वय सत्तरीच्या पुढचे होते. कोणी मदतीला गेले तर हाताने थांबवत. दीड तासाने तिसऱ्या पट्ट्यात डूल सापडले. ते त्यांनी लगेच उचलले नाही. बोटांनी भोवतालची माती बाजूला केली, ते पूर्ण उघडे झाल्यावर नातीला हाक मारली आणि तिला सुतांच्या मधून चालत येऊन उचलायला लावले. उरलेले दोन पट्टेही मग त्यांनी तपासले. डूल तर मिळाले, आता कशाला, असे मी म्हटल्यावर ते म्हणाले, ‘निम्मं शोधून उठायचं नसतं, पोरी.’ तिथे त्यांना आईंचा अनेक वर्षांपूर्वी हरवलेला चांदीचा जोडव्याचा तुकडा सापडला, म्हणून त्यांचे म्हणणे खरे ठरले असे समजायला हरकत नाही.

घरातल्या माणसाविषयी लिहायचे तर आधी आईंविषयी लिहिले पाहिजे. त्यांचे लग्न १९६३ मधले. ‘लगीन त्रेसष्टला झालं आणि संसार ब्याऐंशीला सुरू झाला,’ असा हिशेब त्या हसत सांगत, पण तो हिशेब हसण्यासारखा नव्हता. मधल्या एकोणीस वर्षांत मनीऑर्डर, आंतरदेशीय पत्र आणि वर्षातून एकदा मिळणारी रजा एवढाच नवरा त्यांच्या वाट्याला होता. तीनही मुलांच्या जन्माच्या वेळी तात्या घरी नव्हते. शेत, सासू, दिरांची लग्ने, मुलांच्या शाळा हे सारे त्या बाईने ओढले. तात्यांना याची पुरती जाणीव होती, असे मी म्हणेन, कारण निवृत्तीनंतर बँकेत बंदूकधारी रखवालदाराची बारा वर्षे नोकरी करतानाही सकाळचा चहा त्यांनी आईंना कधी करू दिला नाही. तो त्यांनी शेवटपर्यंत केला. विश्रांतवाडीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी सून म्हणून आले, तेव्हा सासरे पहाटे पाचला उठून स्टोव्ह पेटवतात आणि सासूबाई अंथरुणात बसून चहा घेतात, हे पाहून मला संकोच वाटला होता. माझ्या आईला मी ते बरेच दिवस सांगितलेच नव्हते.

रविवारी स्वयंपाक त्यांचा. पण त्यांना तो चार माणसांचा येत नसे. लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, शिकलेली डाळ पन्नास जणांच्या मापाची, त्यामुळे सोमवार-मंगळवारही आम्ही तीच खात असू. गणपती आणायच्या टेम्पोत पाट बांधायची गाठ, वाळत घालायच्या दोरीची गाठ, गादीच्या वळकटीची गाठ यांत फरक असतो हे त्यांनी तीनही नातवंडांना शिकवले. गाठ अशी हवी की ताणल्यावर सुटू नये आणि सोडायची म्हटली की नखाने सुटावी. सुटत नाही म्हणून कात्रीने दोरी कापणे हा त्यांच्या लेखी गुन्हा होता, आणि मी तो अनेकदा केला आहे.

चार-पाच वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या वाहनतळात पाणी शिरू लागले. रखवालदार आणि सात-आठ तरुण मुले बांधकामाची वाळू पोत्यांत भरून फाटकाशी टाकत होती. ती काठोकाठ भरलेली पोती गोल गरगरीत होऊन एकमेकांवरून घसरत होती आणि मधल्या फटींतून पाणी येतच होते. तात्या काठी टेकत खाली उतरले. कोणाला काही न बोलता त्यांनी एका पोत्यातली पाव हिस्सा वाळू काढून टाकली, तोंड खाली दुमडून पोते जमिनीवर आडवे केले आणि काठीने वरून थोपटून चपटे केले. मग दुसरे तसेच. पोते पाऊण भरायचे, म्हणजे ते बसते. काठोकाठ भरले की ते लोळते. विटांच्या बांधकामात वरच्या थराची वीट खालच्या सांध्यावर येते, तशीच पोतीही रचायची आणि दुमडलेले तोंड पोत्याच्या वजनाखाली दाबायचे, हे त्यांनी मुलांना दाखवले. तासाभरात पाणी थांबले. मुलांनी मोबाइलवर त्यांचे छायाचित्र काढले आणि आजोबा हे कुठे शिकलात म्हणून विचारले. ‘हितंच, पानशेतला,’ असे ते म्हणाले. त्या मुलांपैकी कोणालाही पानशेत म्हणजे सहलीला जायचे ठिकाण यापलीकडे काही ठाऊक असावेसे वाटले नाही. तात्यांनीही पुढे सांगितले नाही. वर येऊन त्यांनी गरम पाण्यात पाय सोडले आणि बातम्या लावल्या.

अखेरच्या वर्षांत त्यांना एक त्रास मात्र झाला. निवृत्तिवेतनाची व्यवस्था संगणकावर गेल्यावर, भरतीच्या वेळी लष्करी कारकुनाने लिहिलेले त्यांचे नाव आणि आताच्या ओळखपत्रावरचे नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला आणि आपण आपणच आहोत हे सिद्ध करण्यासाठी ऐंशी पार केलेल्या माणसाला तीन खिडक्यांवर सात खेपा घालाव्या लागल्या. कार्यालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण अखेरीस तिथल्याच एका तरुण लिपिकाने स्वतः अर्ज भरून देऊन ते काम मार्गी लावले. त्या सातही खेपांना तात्या इस्त्रीचा सदरा आणि पॉलिश केलेले बूट घालून गेले होते.

त्यांच्या अंत्यसंस्कारावेळी शेजारच्यांनी बंदुकांची सलामी नाही का, असे विचारले. वय झाल्यावर घरी वारलेल्या सगळ्याच माजी सैनिकांना तशी सलामी मिळत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. खडकीहून त्यांच्या बरोबरीचे दोन वृद्ध सॅपर आले होते. एकाला मुलाने धरून आणले होते. दोघांनी खिशातून टोप्या काढून डोक्यावर चढवल्या, ताठ उभे राहिले, सलाम केला आणि टोप्या पुन्हा घडी करून खिशात ठेवल्या. त्यातल्या एकाला मी पानशेतविषयी विचारले. तो म्हणाला, मी त्या वेळी रजेवर होतो आणि आयुष्यभर मला तात्यांनी त्यावरून चिडवले.

संपादक महाशय, माझी विनंती साधी आहे. १९६१ मध्ये वीस वर्षांचे असलेले जवान आज चौऱ्याऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांतले थोडेच उरले असतील आणि जे उरले असतील ते सातारा, सांगली, नगर, कोल्हापूर अशा जिल्ह्यांतल्या कुठल्यातरी गावी ओट्यावर बसलेले असतील. पूरग्रस्तांच्या आठवणी पुष्कळ लिहून झाल्या आहेत आणि त्या लिहिल्या जाणे योग्यच होते. पुढच्या जुलैपूर्वी आपल्या जिल्हा वार्ताहरांकरवी, माजी सैनिकांच्या संघटनांकरवी आणि वाचकांना आवाहन करून त्या रात्री धरणावर असलेल्या माणसांच्या, किंवा ती गेली असल्यास त्यांच्या बायकामुलांच्या, आठवणी आपण गोळा कराव्यात. तोवर निदान ‘अपुरा पडला’ हे दोन शब्द त्या ओळीतून काढावेत. आमच्याकडून जे देता येईल ते देण्यास आम्ही तयार आहोत, पण ते फार नाही, हेही सांगून ठेवते.

तात्यांची लोखंडी पेटी आम्ही तेराव्यानंतर उघडली. पदके, पेन्शनचे कागद, आईंची सारी पत्रे वर्षवार सुतळीने बांधलेली, आणि तळाशी त्यांनी स्वतः आपल्या आईला गावी पाठवलेली काही पोस्टकार्डे होती. ती त्यांच्या आईने जपून ठेवली असणार आणि तिच्या मागे ती त्यांच्याकडे आली असणार. त्यांतल्या एकावर १४ जुलै १९६१ ही तारीख आहे. पानशेतविषयी मोठ्या आशेने मी ते वाचले. त्यावर एवढेच आहे: ‘तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. इकडे पाऊस फार आहे. तुमच्याकडे पेरणी झाली काय ते कळवावे. तांबड्या बैलाचा पाय बरा झाला असल्यास लिहिणे. पैसे पुढल्या महिन्यात पाठवतो.’

आपली नम्र,
एक वाचक
विश्रांतवाडी, पुणे